बरगे कोण घालणार?

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा हा खरे तर अर्धाच बंधारा असतो. नदीच्या पात्रात ठरावीक अंतरावर दगडी खांब आणि त्या खांबांना उभ्या खाचा, एवढेच त्याचे कायमचे बांधकाम. उरलेला अर्धा दर वर्षी नव्याने घालावा लागतो. पावसाळा सरला, नदी निवळली की खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवायचे, फटी बुजवायच्या, पाणी अडवायचे. आणि मृग तोंडावर आला की तेच बरगे एकेक करून काढून काठावर रचून ठेवायचे. घालायला उशीर झाला तर उन्हाळ्यात ऊस वाळतो, काढायला उशीर झाला तर पुराचा सगळा रेटा बंधाऱ्यावर येतो. या नमुन्याचे बंधारे महाराष्ट्रभर शेकड्यांनी बांधले गेले आणि त्यांच्या काठची माणसे एक गोष्ट न शिकवता शिकली. बरगे बसले नाहीत म्हणून पाणी वाहून गेले, तर शेतकरी दगडी खांबांना शिव्या देत नाही. बरगे घालायचे कुणाकडे होते, असे तो विचारतो. बंधारा बांधणे आणि बंधारा चालवणे ही दोन कामे आहेत, दोन्हींना पैसा लागतो, दोन्हींना माणूस लागतो, हे त्याला पटवून द्यावे लागत नाही.

संगणकांचे नेटवर्क याच जातीचे आहे. पैसे मोजून विकत घेता येतात ते त्याचे खांब. बरगे रोज घालावे लागतात. नेटवर्कचे काम करणाऱ्या माणसांच्या तक्रारी पुण्याच्या आयटी पार्कातून ऐका नाहीतर शाहूपुरीतल्या एखाद्या केबल ऑपरेटरच्या ऑफिसात, सूर तोच लागतो: चालू असताना कोणी ओळखत नाही, बंद पडले की सगळे ओळखतात. हा वैताग तांत्रिक अडचणींतून येतो असा समज आहे. माझ्या मते त्याचे मूळ दुसरीकडे आहे. आपण नेटवर्क वस्तू म्हणून खरेदी करतो आणि त्याच्या निगराणीसाठी ना वेळ राखून ठेवतो, ना पैसा, ना कोणाचे नाव. गंमत अशी, की इतर बाबतींत कोल्हापूर असे वागत नाही. साखर कारखान्याचा गळीत हंगाम संपला की यंत्रे खोलून देखभाल-दुरुस्ती सुरू होते. पुढच्या हंगामाच्या तयारीत मिल रोलरचे पूजन होते, बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, संचालक फेटे बांधून फोटोला उभे राहतात. शिवाजी उद्यमनगरातल्या किंवा शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीचे लायनिंग झिजते, ठरावीक हिटांनंतर ते पुन्हा करावे लागते आणि मालक तो खर्च आधीच हिशोबात धरतो. लायनिंग झिजले म्हणून भट्टी बनवणाऱ्याला कोणी फोन करून झापत नाही. त्याच फाउंड्रीच्या ऑफिसात मात्र दहा वर्षांपूर्वी बसवलेला स्विच धूळ खात लुकलुकत असतो, आणि तो ज्या दिवशी मरतो त्या दिवशी सगळ्यांना धक्का बसतो. नेटवर्कला ऑफ सीझन नाही, आणि त्याच्या स्विचला कोणी नारळ फोडत नाही.

'नेट गेलं' या दोन शब्दांत किती वेगवेगळी दुखणी कोंबलेली असतात, ते एकदा नीट पाहायला हवे. राजारामपुरीतला एक दुकानदार बिल करण्यासाठी बटण दाबतो, तेव्हा त्याचा संदेश आधी संगणकातून वायरीने किंवा वायफायने राउटरला जातो. तिथून तो भिंतीवरच्या छोट्या डब्यात, म्हणजे ओएनटीत शिरतो आणि प्रकाश होऊन काचेच्या तारेत पडतो. ती तार विजेच्या वा टेलिफोनच्या खांबांवरून लोंबकळत, झाडांच्या फांद्यांतून वाट काढत गल्लीच्या कोपऱ्यावरच्या स्प्लिटरपर्यंत जाते. तिथे ३२ किंवा ६४ घरांचा प्रकाश एका तारेत एकत्र होतो. मग ऑपरेटरचे ऑफिस, तिथून मोठ्या कंपनीची लाइन, मग पुणे किंवा मुंबई. वाटेत नावाचा पत्ता शोधून देणारा डीएनएस सर्व्हर, आणि शेवटी ज्याच्याकडे जायचे त्याचा सर्व्हर, जो सिंगापुरातही असू शकतो. एकाच गल्लीतल्या दोन घरांत दोन कंपन्यांची कनेक्शने असतील तर समोरच्या घरात पाठवलेली फाइलही बहुधा मुंबईची वारी करूनच परत येते. या साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक कडीचा मालक वेगळा: संगणक दुकानदाराचा, राउटर त्याने ऑनलाइन मागवलेला, तार ऑपरेटरची, खांब महावितरणचा, रस्ता महापालिकेचा, पुढची लाइन तिसऱ्याची, सर्व्हर चौथ्याचा. जून २०२३ मध्ये शहरातल्या तणावामुळे प्रशासनाच्या आदेशाने कोल्हापुरात इंटरनेट काही काळ बंद ठेवले गेले, तेव्हा तर साखळीतली एकही कडी तुटलेली नव्हती. मालक डझनभर आणि तक्रारीचा पत्ता एकच, अशी ही रचना आहे. तो पत्ता म्हणजे मोटरसायकलच्या डिकीत स्प्लायसिंग मशीन आणि खांद्यावर शिडी घेऊन फिरणारा पोरगा, किंवा ऑफिसात 'आयटीवाला' म्हणून ओळखला जाणारा इसम.

यातली सर्वांत साधी घटना, तार तुटण्याची, घेऊ. काचेच्या ज्या गाभ्यातून प्रकाश जातो त्याची जाडी सुमारे ९ मायक्रॉन असते. माणसाचा केस त्याच्या कितीतरी पट जाड. घरी पोचणारा प्रकाश इतका क्षीण असतो की तो पॉवर मीटरवर उणे डेसिबलमध्ये मोजतात. उणे वीसच्या आसपास आकडा आला की तंत्रज्ञ खुशीत, उणे सत्तावीस-अठ्ठावीसच्या खाली उतरला की ओएनटीवरचा लाल दिवा लागतो. दर तीन डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणून एक घाईत मारलेला जॉइंट किंवा दाराच्या चौकटीत करकचून दुमडलेली पॅच कॉर्ड पुरते. हे झाले घरचे. रस्त्यावर जेसीबी आहे. गटारवाला खोदतो, पाण्याच्या पाइपलाइनवाला खोदतो, गॅसवाला खोदतो, आणि खाली काय पुरले आहे याचा नकाशा एकाकडे असतो, दुसऱ्याकडे नसतो. हे केवळ कोल्हापूरचे रडगाणे नाही. देशात दर वर्षी ऑप्टिकल फायबर तुटण्याच्या सुमारे १० लाख घटना होतात आणि त्यात अंदाजे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असा आकडा केंद्र सरकारने दिला आणि २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' हे अ‍ॅप आणले: खोदणाऱ्याने खोदण्याआधी तारवाल्याला कळवावे म्हणून. कल्पना चांगली आहे. पण दहा लाख हा आकडा अपघातांचा वाटत नाही. जी गोष्ट वर्षाला दहा लाख वेळा होते ती कामाचाच भाग असते, आणि कामाच्या भागाला आपण अपघात म्हणत राहिलो की तिच्यासाठी माणूस नेमायचे सुचत नाही.

तार तुटली तर निदान ती तुटली आहे हे कळते. 'बंद आहे' ही तक्रार आली की नेटवर्कवाल्याला हायसे वाटते, कारण बंद गोष्टीला एक जागा असते. त्याला धडकी भरते ती 'स्लो आहे' या तक्रारीने. याचे कारण इंटरनेटच्या मूळ घडणीत आहे. इंटरनेट कुठलेही वचन देत नाही. तुमचा संदेश लहान लहान पुडक्यांत फोडला जातो आणि प्रत्येक पुडके वाटेला लावले जाते. ते पोचेलच, वेळेवर पोचेल, क्रमाने पोचेल, याची हमी जाळे घेत नाही. हमी घेतात ती दोन टोकांची यंत्रे. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या टीसीपीच्या कल्पनेचे सार हेच, की पोच आली नाही तर पुडके पुन्हा पाठवायचे. ही युक्ती इतकी लवचीक निघाली की जग तिच्यावर उभे राहिले. पण तिची एक किंमत आहे: बिघाड झाकला जातो. कुठेतरी गंजलेला कनेक्टर शंभरातली एक-दोन पुडकी खातो. पुडकी हरवताहेत म्हणजे रस्ता भरला आहे, असे टीसीपी समजते आणि शहाण्यासारखे आपला वेग कमी करते. पानही उघडते, मेलही जातो, फक्त सगळे रखडते. जुन्या ऑफिसांत आणखी एक नमुना हमखास सापडतो. वायरीच्या एका टोकाचे यंत्र एकाच वेळी बोलायला आणि ऐकायला तयार, दुसऱ्या टोकाचे मात्र आळीपाळीने बोलणारे. अशा जोडीत चाचणीचे एकटे-दुकटे पुडके व्यवस्थित जाते-येते आणि मोठी फाइल टाकली की घसरगुंडी होते. तपासणारा म्हणतो सगळे ठीक आहे. वापरणारा म्हणतो काहीच ठीक नाही. आणि दोघेही खरे बोलत असतात. माणसाच्या अंगातली बारीक कणकण डॉक्टरला जशी उघड्या जखमेपेक्षा अवघड जाते, तसेच हे.

म्हणून या धंद्यातला बराच वेळ दुरुस्तीत जात नाही, निरपराध ठरण्यात जातो. जगभरच्या नेटवर्कवाल्यांत एक विनोद चालतो: यंत्र दुरुस्त व्हायला सरासरी किती वेळ लागतो हे मोजतात, तसे नेटवर्कचा दोष नाही हे सिद्ध करायला सरासरी किती वेळ लागतो हेही मोजावे. विनोदात तथ्य आहे. जीएसटीचे विवरणपत्र भरण्याच्या शेवटच्या दिवशी पोर्टल अडले, बँकेचा सर्व्हर झोपला, प्रिंटरने मान टाकली, संगणकात अँटिव्हायरसचे अपडेट उतरू लागले, तरी पहिले बोट राउटरकडेच जाते. ते स्वाभाविकही आहे. ज्या गोष्टीचे आत काय चालते ते दिसत नाही तिच्यावर संशय घेणे सोपे. नेटवर्कवाल्याकडे बचावाची साधने तुटपुंजी: माइक म्यूस याने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला पिंग हा छोटासा प्रोग्राम आजही त्याचा पहिला साक्षीदार असतो. त्यात भर वेगाच्या मापाची. १०० एमबीपीएसची लाइन घेतलेल्या माणसाला फाइल उतरवताना बाराच्या आसपास आकडा दिसतो आणि ऑपरेटरने आपल्याला लुबाडले अशी त्याची खात्री पटते. लाइन बिटांत मोजतात, फाइल बाइटांत, आणि एका बाइटात आठ बिट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. हा खुलासा देशातल्या प्रत्येक तंत्रज्ञाने किती वेळा केला असेल कोण जाणे. जाहिरातीत मोठा आकडा छापणाऱ्यांना तो एकदाही करावा लागत नाही.

घरातल्या आणि ऑफिसातल्या कुरबुरींवर फार रेंगाळायला नको, पण दोन-तीन सांगण्याजोग्या आहेत. पेठांमधल्या जुन्या घरांच्या जाड दगडी भिंती वायफायची लहर चांगलीच खातात. कारखान्यातली पत्र्याची शेड ती उलटी फेकते. दाट वस्तीत दुसरी अडचण: २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि एका अपार्टमेंटमध्ये राउटर चाळीस. तिथे वायफाय मंद असणे हा कोणाचा गुन्हा नाही, ती गर्दी आहे. महाद्वार रोडवर दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी चारचाकी घालणाऱ्याने तक्रार कोणाकडे करायची? ऑफिसात याहून मजेदार प्रकार घडतात. टेबलाखाली वायरीचे एक मोकळे टोक दिसते, कोणीतरी नीटनेटका माणूस ते समोरच्या स्विचच्या रिकाम्या भोकात खोचतो, आणि त्याच वायरीचे दुसरे टोक त्याच स्विचमध्ये आधीच असते. पुडकी गोल गोल फिरू लागतात, काही क्षणांत सगळे ऑफिस ठप्प. अशा फेऱ्यांवर रॅडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री नावाचा तोडगा काढला, पण स्वस्तातल्या स्विचमध्ये तो बहुधा नसतो. किंवा कोणी घरचा जुना राउटर आणून जोडतो आणि तो राउटर इमानेइतबारे सगळ्यांना चुकीचे पत्ते वाटू लागतो. यात दुष्टपणा कोणाचाच नसतो. आपण एका सामाईक गोष्टीला हात लावतो आहोत, ही जाणीव मात्र नसते. गावच्या पाण्याच्या पाळीत असा परस्पर हात घालणाऱ्याला पाटकरी तिथल्या तिथे अडवतो. नेटवर्कवाल्याला पाटकऱ्याची जबाबदारी दिलेली असते, अधिकार दिलेला नसतो.

माझ्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा याच जिल्ह्यात आहे. १९९८ मध्ये वारणानगरला 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभारलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरातली, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे संगणकाने जोडायची, असा तो बेत होता. देशातल्या बहुतेक शहरी घरांतही तेव्हा संगणक नव्हता हे लक्षात घेतले की त्यातली धडाडी कळते. गावोगावी संगणक केंद्रे उघडली. उसाची नोंद, तोड, वजन, बिल, खताची उचल ही माहिती गावातच मिळू लागली. शेतीचा सल्ला, आरोग्य, शिक्षण अशी मोठी स्वप्नेही सोबत होती. काही वर्षांनी, २००५ नंतर, मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातील मंडळींनी पाहणी केली तेव्हा केंद्रे मुख्यतः उसाच्या व्यवहारापुरती वापरात होती, यंत्रे जुनी झाली होती आणि त्यांची देखभाल महागात पडत होती. मग सात गावांत आठ महिने एक प्रयोग झाला: संगणकाऐवजी साधा मोबाइल, आणि माहिती एसएमएसने. 'वारणा अनवायर्ड' असे त्या प्रयोगाचे नाव. शेतकऱ्याला हवी ती माहिती तेवढ्यानेही मिळत होती.

या गोष्टीचा सोपा अर्थ 'संगणक हरला, मोबाइल जिंकला' असा लावता येतो, आणि तसा तो लावलाही जातो. मला तो वरवरचा वाटतो. गावातल्या संगणकाला वीज, बॅटरी, सुटे भाग, टेलिफोनची लाइन आणि ती सगळी सांभाळणारा माणूस लागत होता. म्हणजे प्रत्येक गावात वेगळे बरगे. मोबाइलच्या टॉवरलाही हे सगळे लागते. फरक इतकाच की टॉवरचे बरगे घालणारी यंत्रणा आधीच पगारावर होती, कारण तिच्या कंपनीचा धंदाच त्यावर चालत होता. निगराणी नाहीशी झाली नाही, जिथे तिच्यासाठी पैसा ठेवलेला होता तिथे ती सरकली. प्रकल्प आखताना यंत्रांची संख्या ठरते, गावांची यादी ठरते, उद्घाटनाची तारीख ठरते. पाचव्या वर्षी यूपीएसची बॅटरी कोण बदलणार, हा रकाना कोरा राहतो. हा दोष वारण्याचा म्हणून सांगत नाही. धाडस करणाऱ्यांच्याच चुका नोंदल्या जातात, बाकीच्यांच्या चुका व्हायलाच वाव नसतो.

महापुरानेही हेच दाखवले. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पाण्याने ५५ फूट ओलांडले. काचेची तार पाण्यात विरघळत नाही. तिला पुराचे तसे भय नाही. गेली ती वीज. उपकेंद्रांत पाणी शिरले, कुठे धोका नको म्हणून पुरवठा बंद ठेवावा लागला. टॉवर आधी बॅटरीवर चालले, मग जनरेटरवर, आणि २०१९ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग सुमारे आठवडाभर पाण्याखाली राहिल्याने डिझेलचे टँकर येणेच अडले. म्हणजे नेटवर्कची ताकद शेवटी टँकरच्या रस्त्याइतकी. नावेतून सुटका करणाऱ्यांचे, धान्य पोचवणाऱ्यांचे कौतुक झाले आणि ते व्हायलाच हवे होते. त्याच पाण्यातून बॅटऱ्या आणि डिझेलचे कॅन डोक्यावरून नेणाऱ्यांच्या वाट्याला मात्र, टॉवर बंद का, हा प्रश्न आला. मराठीत 'नेट' हा शब्द इंटरनेटच्या आधीपासून आहे: नेट लावणे, नेटाने काम करणे. इंग्रजी नेट घरोघर पोचले आणि त्यामागचा हा मराठी नेट दिसेनासा झाला.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत रास्त आक्षेप असा, की नेटवर्कवाल्यांची एवढी बाजू घ्यायचे कारण नाही. त्यांतले बरेच अर्धवट शिकलेले असतात. वायरींना लेबल नाही, राउटरचा पासवर्ड कुठे लिहिलेला नाही, आणि प्रत्येक दुखण्यावर 'बंद करून चालू करा' हा एकच काढा. यात खोटे काही नाही. बंद-चालू केल्याने बऱ्याचदा गुण येतो हेही खरे, कारण अडकलेली स्मृती मोकळी होते आणि पत्ता नव्याने मिळतो. पण बिघाड का झाला याचा मागही त्याबरोबर पुसला जातो आणि दुखणे पुढच्या आठवड्यात परत येते. तरी विचारायला हवे, की ही सवय लागली कशी. नवे कनेक्शन जोडण्याचे पैसे मिळतात. लेबल लावण्याचे, नकाशा काढण्याचे, जुना जॉइंट तपासण्याचे मिळत नाहीत. ज्याचे पैसे मिळत नाहीत ते काम शिकायला कोण बसणार? मिस्त्री अनाडी आहे असे म्हणणाऱ्याने, आपण त्याला कशाचे पैसे दिले तेही सांगावे.

दुसरा आक्षेप भविष्याकडे बोट दाखवतो: सगळे आपोआप होणार, वायरी जाणार, नेटवर्क स्वतःच स्वतःला दुरुस्त करणार. पण बिनतारी फोन टॉवरपर्यंतच बिनतारी असतो. टॉवरच्या पायथ्याशी पुन्हा काचेची तार आणि पुन्हा जेसीबी. आणि आपोआपच्या बाबतीत ४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवावी. आपल्याकडे नऊ वाजून गेले होते, व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम एकदम बंद पडले आणि अनेकांनी आपलेच नेट गेले असे समजून राउटर झटकला. घडले असे होते, की फेसबुकच्या स्वतःच्या जाळ्यावर नेहमीच्या देखभालीत एक चुकीची आज्ञा दिली गेली. अशा आज्ञा अडवण्यासाठी असलेला प्रोग्राम स्वतःच सदोष निघाला. जाळे तुटताच डीएनएस सर्व्हरांनी आपापले पत्ते जगाच्या नकाशावरून काढून घेतले आणि सेवा पूर्ववत व्हायला सुमारे सहा तास लागले. कडेकोट सुरक्षेमुळे अभियंत्यांना यंत्रांपर्यंत पोचतानाही वेळ गेला. जगातल्या सर्वांत स्वयंचलित जाळ्यांपैकी एक, आणि शेवटी माणसांनी इमारतीत जाऊन ते उठवले. स्वयंचलनाने लहान बिघाड कमी होतात, हे मान्य. पण उरतात ते मोठे, आणि तोवर हाताने काम करणारी माणसे कमी झालेली असतात.

तिसरा आक्षेप खिशाचा. छोटा दुकानदार म्हणेल, निगराणीला वेगळे पैसे द्यायची माझी ऐपत नाही. त्याला उत्तर आकड्यांतच देता येते. 'नव्याण्णव दशांश नऊ टक्के चालू' हे ऐकायला भरघोस वाटते, पण वर्षात सुमारे पावणेनऊ तास बंद, असा त्याचा हिशोब होतो. आणखी एक नऊ जोडला की बंदचा वेळ ५३ मिनिटांच्या आत येतो, आणि त्या एका नवाची किंमत कितीतरी चढते: दुसरी लाइन, दुसरा राउटर, रात्री-अपरात्री येणारा माणूस. किराणा दुकानाला तो नऊ नको आहे. पावणेनऊ तास त्याला परवडतात. फक्त आपण काय विकत घेतले आणि काय घेतले नाही, हे त्याला माहीत हवे. हॉस्पिटलला, दूध संघाच्या संकलन केंद्राला किंवा हंगामातल्या वजनकाट्याला ते परवडत नाहीत, आणि तरीही यांतली बरीच ठिकाणे किराणा दुकानाचीच लाइन घेतात आणि मग हॉस्पिटलच्या आवाजात भांडतात. स्वस्त नेटवर्क घेणे वाईट नाही. स्वस्त घेऊन महागाची अपेक्षा ठेवणे आणि त्या दोहोंमधली तूट शिडीवरच्या पोराकडून वसूल करणे, हे वाईट.

तेव्हा वाचकाला एक विनंती. आज नेट चालू आहे तोवरच एक कागद घ्या. त्यावर कनेक्शनचा ग्राहक क्रमांक, ऑपरेटरचा फोन, राउटर आणि त्याची बॅटरी कधी घेतली ते, आणि कुठली वायर कुठे जाते ते लिहा, आणि तो राउटरशेजारी भिंतीवर चिकटवा. सगळे सुरळीत असताना डब्यावरचे कोणते दिवे हिरवे असतात तेही त्यावर टिपून ठेवा. बिघाड झाला की तंत्रज्ञाला फोनवर तीनच गोष्टी सांगा: केव्हापासून, एकाच यंत्रावर की सगळ्यांवर, आणि त्याआधी घरात वा गल्लीत काय बदलले. आणि राउटर बंद करून चालू करण्याआधी त्याच्या दिव्यांचा एक फोटो काढून ठेवा.